कोकणातील शहरी वस्ती आणि कलाशिक्षण : न्यासांकडून अनुदान मिळवू पाहणाऱ्या नव्या संस्थांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या शहरांत मुलांना चित्र, नाटक, संगीत शिकवणाऱ्या किंवा आपल्या आळीतले वाचनालय आणि छोटा रंगमंच चालू ठेवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांचा खर्च बहुधा सभासदांची वर्गणी, गणेशोत्सवात उरलेली शिल्लक आणि मुंबईच्या चाकरमान्यांनी मे महिन्यात दिलेल्या देणग्या यांवर भागतो. एखाद्या धर्मादाय न्यासाकडे किंवा कंपनीच्या सीएसआर निधीकडे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीकडे, जावे असा विचार कार्यकारिणीच्या सभेत निघतो, तेव्हा पहिला प्रश्न साधारणपणे ‘प्रस्ताव चांगला लिहून देणारे कोणी माहितीत आहे का’ असा असतो. माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. जागा कोणती, माणसे कोण, काम आधीपासून किती चालू आहे आणि संस्थेचे कागद कोणत्या अवस्थेत आहेत, या चार गोष्टी जुळल्या की प्रस्ताव लिहिणे अवघड राहत नाही, आणि त्या जुळलेल्या नसतील तर कितीही चांगल्या मराठीत वा इंग्रजीत लिहिलेला प्रस्ताव पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो. म्हणून पुढील पायऱ्या त्याच क्रमाने घेतल्या आहेत.

पहिली पायरी : आपली जागा नेमकी सांगता आली पाहिजे

शहरी वस्ती-विकासासाठी पैसे देणाऱ्या अनेक न्यासांच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुण्यासारखी महानगरे आणि त्यांतील झोपडपट्ट्या असतात. कोकणातले शहर तसे नसते. नगरपरिषदेच्या हद्दीतही वाड्या असतात, माडाच्या बागा असतात, आणि तालुक्याच्या ठाण्याची जुनी ग्रामपंचायत आता नगरपंचायत झालेली असली तरी माणसे स्वतःला गावचीच समजतात. २०११ च्या जनगणनेने नगरपरिषद नसलेल्या गावालाही शहर मानण्यासाठी तीन कसोट्या लावल्या होत्या : लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी. त्यामुळे आपली वस्ती नगरपरिषदेत आहे, नगरपंचायतीत आहे, की ग्रामपंचायतीत असूनही जनगणनेच्या हिशेबाने शहर ठरली आहे, हे आधी तपासावे आणि अर्जात स्पष्ट लिहावे. ज्या न्यासाचा कार्यक्रम केवळ शहरांसाठी आहे, त्याच्या छाननीत वस्तीच्या या वर्गवारीवरूनच अर्ज पुढे जायचा की नाही हे ठरू शकते.

एवढ्यावर थांबू नये. प्रभाग कोणता, त्यात अंदाजे किती घरे आहेत, कोणत्या शाळेत मुले जातात, घरची माणसे काय करतात, हे चार-पाच वाक्यांत आले पाहिजे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरालगतच्या वस्तीत काम करायचे असेल, तर मासळीच्या हंगामाप्रमाणे घरातील माणसांच्या कामाच्या वेळा बदलतात, आणि नौकांवर वा आंबाबागांत काम करणाऱ्या नेपाळी वा कर्नाटकी कुटुंबांची मुलेही त्याच शाळेत येऊ शकतात, या गोष्टी कार्यक्रमाच्या रचनेत मोडतात. त्या केवळ पार्श्वभूमी म्हणून लिहून सोडून दिल्या, तर वाचणाऱ्याच्या लक्षात येते की वस्तीत कोणी फिरलेले नाही. घरे आणि मुले मोजायला दोन कार्यकर्त्यांनी दोन-तीन रविवार दिले तरी पुरतात, आणि ती यादी पुढे प्रत्येक अर्जाला उपयोगी पडते.

दुसरी पायरी : संस्थेचे कागद

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि अर्ज अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारणही हीच आहे, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

महाराष्ट्रात साधारणपणे तीन मार्ग आहेत. किमान सात सभासद एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था स्थापन करतात, आणि तिची नोंद १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही होते. काही जण विश्वस्तपत्र करून थेट न्यासच नोंदवतात. तिसरा मार्ग २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ च्या, म्हणजे नफा न वाटणाऱ्या, कंपनीचा आहे. छोट्या गावच्या संस्थेला पहिला मार्ग सोयीचा असतो, कारण घटना, सभा, ठराव या गोष्टी मंडळांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. नोंदणीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावे लागते.

नोंदणी जुनी असेल तरी निर्धास्त राहू नये. विश्वस्त वा कार्यकारिणी बदलली, पत्ता बदलला, मिळकत वाढली की याच १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. कार्यालयात आणि वकिलांकडे त्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. प्रत्यक्षात अनेक मंडळांत निवडणुका होत राहतात, अध्यक्ष बदलत राहतात, आणि धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी मात्र अशा विश्वस्तांची नावे असतात ज्यांपैकी दोघे-तिघे हयातही नसतात. पैसे देणाऱ्या न्यासाने परिशिष्ट एकचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील आपल्या नोंदीचा, उतारा मागितला आणि त्यावरील नावे अर्जावर सही करणाऱ्यांच्या नावांशी जुळली नाहीत, तर पुढचे काही वाचले जात नाही. साचलेले बदल अर्ज क्रमाने मंजूर करून घेण्यास बराच काळ जातो, म्हणून कोणत्याही न्यासाची जाहिरात येण्याची वाट न पाहता हे काम आजच सुरू करावे.

मुंबईत नोंदलेल्या मंडळांची एक वेगळी अडचण आहे. गिरगाव, लालबाग, परळ येथील पत्त्यावर नोंदलेली ग्रामविकास मंडळे काम गावी करतात, पण घटनेतील कार्यक्षेत्राच्या कलमात केवळ मुंबई लिहिलेले असू शकते, किंवा उद्देशांत शिक्षण आणि कला यांचा उल्लेखच नसतो. घटनेतील उद्देश आणि कार्यक्षेत्र ही दोन कलमे अर्ज करण्यापूर्वी शब्दशः वाचावीत, कारण देणाऱ्या न्यासाचा माणूस ती वाचणारच असतो.

त्यानंतर प्राप्तिकराची नोंदणी येते. संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करमाफी देणारी १२ए आणि देणगीदाराला सवलत देणारी ८०जी, या नावांनीच त्या ओळखल्या जातात. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तरी बोलण्यात आणि बऱ्याच अर्जांत जुनीच नावे चालू आहेत. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते आणि काम सुरू झाल्यावर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. हा दुसरा अर्ज वेळेत न केल्यामुळे हातची नोंदणी गेलेल्या संस्था आहेत, म्हणून सीएकडून त्याची तारीख लिहून घ्यावी. ८०जीची पावती आता हाताने लिहून देऊन भागत नाही. देणग्यांचे वार्षिक विवरण ऑनलाइन भरून त्यातून निघालेले प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावे लागते. शिवाय नवी कररचना निवडलेल्या व्यक्तीला ही सवलत मिळतच नाही, त्यामुळे वैयक्तिक देणगीदाराला ८०जी दाखवून राजी करण्याचे दिवस बरेचसे संपले आहेत.

याशिवाय संस्थेच्या नावाचे पॅन, नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीच्या संकेतस्थळावरील क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि अर्ज करण्यास मान्यता देणारा कार्यकारिणीचा ठराव एका फायलीत तयार ठेवावा. परदेशी निधीसाठी २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि तिच्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असून त्या काळात तिने आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. नवख्या संस्थेने त्या वाटेला जाण्याची घाई करू नये.

ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांनी थांबून राहावे असे मात्र नाही. गावातील जुने वाचनालय किंवा शिक्षणसंस्था यांची सगळी नोंदणी बहुधा पूर्ण असते. त्यांच्या नावे अर्ज करून काम आपण करायचे, असा लेखी करार करता येतो. करारात पैसे कोणाच्या खात्यावर येतील, सह्या कोणाच्या, साहित्य शेवटी कोणाकडे राहील हे स्पष्ट असावे. ज्या संस्थेचा परदेशी निधी आहे तिला तो मात्र २०२० च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

तिसरी पायरी : पैसा कोणाचा आणि कोणत्या अटीचा

सगळ्या न्यासांना एकच अर्ज पाठवणे ही पोस्टाची आणि वेळेची उधळपट्टी आहे. देणाऱ्यांचे स्वभाव वेगवेगळे असतात.

जुने मोठे न्यास, उदाहरणार्थ १९१९ मधील सर रतन टाटा ट्रस्ट आणि १९३२ मधील सर दोराबजी टाटा ट्रस्ट ज्यांत मोडतात ते टाटा ट्रस्ट्स, अनेक क्षेत्रांत काम करतात आणि कला-संस्कृती हा त्यांतील एक विभाग आहे. एवढ्या मोठ्या न्यासांना एका आळीतल्या एका वर्गापेक्षा, इतर ठिकाणी नेता येईल अशा पद्धतीत अधिक रस असतो. नव्या संस्थेने त्यांच्याकडे एकट्याने जाण्यापेक्षा जिल्ह्यातील तीन-चार संस्थांनी मिळून जाणे शहाणपणाचे.

केवळ कलेसाठी अनुदान देणाऱ्या संस्था भारतात थोड्या आहेत. बेंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली संस्था त्यांतली ठळक. तिच्याकडून कलावंत, अभ्यासक अशा व्यक्तींनाही अनुदान मिळते. मात्र तिचा कलाशिक्षणाचा ‘कली-कलिसु’ हा उपक्रम कर्नाटकातील सरकारी शाळांवर केंद्रित आहे, आणि ‘प्रोजेक्ट ५६०’ हा उपक्रम बेंगळुरू शहरातील परिसरांसाठी आहे. विषय अगदी आपलाच, पण भूगोल आपला नाही. सावंतवाडीहून बेळगाव जवळ असले तरी सावंतवाडीच्या शाळेचा अर्ज तेथे बसणार नाही. दशावतार या लोकनाट्यावर संशोधन करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाने त्यांच्या संशोधन वा कलाव्यवहाराच्या कार्यक्रमांची पात्रता मात्र जरूर पाहावी. प्रत्येक न्यासाच्या बाबतीत विषय, भूगोल आणि अर्जदार कोण असू शकतो, या तीन गोष्टी याच क्रमाने पडताळाव्यात.

कंपन्यांचा सीएसआर निधी हा तिसरा आणि कोकणात सर्वांत हाताशी असलेला मार्ग. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे, ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, आणि ती खर्च करताना आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आहे, पारंपरिक कला व हस्तकलांचे संवर्धन आहे, सार्वजनिक ग्रंथालये आहेत आणि झोपडपट्टी भागाचा विकासही आहे. कलाशिक्षणाचा अर्ज शिक्षण आणि पारंपरिक कला या दोन बाबींखाली केला, तर शहर की खेडे हा वादच उरत नाही.

जयगड, लोटे-परशुराम, रत्नागिरी या पट्ट्यातील उद्योगांकडे जाताना एक बारकावा उपयोगी पडतो. ज्या कंपनीचे वर्षाचे सीएसआर बंधन ५० लाखांपेक्षा अधिक नाही, तिला वेगळी सीएसआर समिती नेमावी लागत नाही. निर्णय संचालक मंडळच करते. अशा मध्यम कंपनीत कारखान्याच्या व्यवस्थापकाने शिफारस केली की विषय वर पोचतो, म्हणून आधी त्यांची भेट घ्यावी. मोठ्या कंपन्या आपल्या फाउंडेशनमार्फत काम करतात आणि त्यांचे ठरलेले अर्ज व ठरलेले विषय असतात. दोन्हीकडे संस्थेला सीएसआर-१ हा ऑनलाइन अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो, जो १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. त्यासाठी १२ए आणि ८०जी लागते, आणि कंपनीच्या स्वतःच्या फाउंडेशनखेरीज इतर संस्थांना तीन वर्षांच्या कामाचा पुरावाही.

बहुतेक न्यास धार्मिक कार्याला पैसे देत नाहीत. आपल्याकडे दशावतार देवळाच्या जत्रेत होतो, नमन-खेळे शिमग्यात पालखीबरोबर येतात, त्यामुळे ही सीमारेषा अर्जात जपून आखावी लागते. जत्रेचा खर्च मागू नये. त्या कलेतील वेशभूषा, गायन, मृदंगवादन, संवादरचना मुलांना शिकवण्याचा खर्च मागावा.

चौथी पायरी : दोन पानी टिपण

पूर्ण प्रस्तावाआधी बहुतेक न्यास कन्सेप्ट नोट, म्हणजे दोन पानांचे टिपण मागतात. त्यातील पहिले वाक्य फार महत्त्वाचे. ‘कलेच्या माध्यमातून विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधून सक्षम समाज घडवणे’ असे लिहिले तर ते कोणत्याही जिल्ह्यातील कोणत्याही संस्थेचे असू शकते, आणि वाचणाऱ्याला त्यावर एकही प्रश्न सुचत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे : ‘बंदरालगतच्या दोन प्रभागांतील तीन नगरपरिषद शाळांच्या पाचवी ते सातवीतील १२० मुलांना जुलै ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोन तास चित्र आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ शिकवणे, आणि वर्षअखेरीस त्याच वस्तीत तीन प्रयोग करणे.’ या वाक्यावर लगेच प्रश्न निघतात. शिकवणार कोण? शाळांची परवानगी आहे का? बाहुल्याच का? टिपणाच्या उरलेल्या भागात या प्रश्नांची उत्तरे क्रमाने दिली की टिपण पूर्ण होते.

शिकवणार कोण, याचे उत्तर देण्यात कोकण श्रीमंत आहे. सावर्डे आणि देवरुख येथे कला महाविद्यालये आहेत, आणि तेथून शिकून बाहेर पडलेले तरुण जिल्ह्यातच काम शोधत असतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा टिकवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी होतात आणि संस्थानच्या आश्रयाने गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, हीही कला टिकली आहे. अशा कलावंताला ‘मुलांना आशीर्वाद देण्यासाठी’ एका दिवसापुरते बोलावून शाल-श्रीफळ देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. अनुदानाच्या अर्जात त्यांना शिक्षक म्हणून दाखवावे, सत्रांची संख्या आणि प्रत्येक सत्राचे मानधन लिहावे, आणि त्यांची लेखी संमती जोडावी. त्यांच्या चित्रांच्या प्रती वा चित्रफिती पुढे कोण वापरणार, हेही त्याच संमतिपत्रात ठरवून टाकावे, म्हणजे नंतर कटुता येत नाही.

शाळेच्या परवानगीसाठी मुख्याध्यापकांशी झालेले बोलणे पुरत नाही. नगरपरिषदेची शाळा असेल तर मुख्याधिकाऱ्यांचे, जिल्हा परिषदेची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घ्यावे, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडून ठराव घ्यावा. मुलांबरोबर काम असल्याने बालसंरक्षणाचे लेखी धोरण आता बरेच न्यास मागतात. एकट्या प्रौढाने मुलाला एकांतात शिकवायचे नाही, फोटोसाठी पालकांची संमती घ्यायची, तक्रार कोणाकडे करायची, एवढे एका पानावर स्वच्छ लिहून कार्यकारिणीने मंजूर केले तरी सुरुवातीला पुरेसे होते.

आणि परिणाम कसा मोजणार? शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, किती मुले बसली हा आकडा सर्वांना सोपा वाटतो, पण वस्तीतील कामाचे तेवढेच माप धरले तर वर्ग परीक्षेचा क्लास होऊन बसतो. त्यापेक्षा प्रत्येक मुलाचे जुलैतले पहिले आणि एप्रिलमधले शेवटचे चित्र तारीख घालून एका फोल्डरमध्ये ठेवावे, आणि जुलैत नाव घातलेल्या मुलांपैकी फेब्रुवारीत किती येत आहेत हे हजेरीपटावरून सांगावे. फेब्रुवारीपर्यंत टिकलेली मुले ही शहरी वस्तीतल्या वर्गाची खरी कमाई असते.

पाचवी पायरी : अंदाजपत्रक

वरच्याच नमुन्याचे दहा महिन्यांचे अंदाजपत्रक मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या गावचे दर आपणच भरावेत. अर्धवेळ दोन कलाशिक्षकांना दरमहा प्रत्येकी १२,००० रुपये धरले तर २,४०,००० रुपये होतात. पाहुण्या लोककलावंतांच्या २० सत्रांना प्रत्येकी १,५०० प्रमाणे ३०,०००. साहित्य १२० मुलांना प्रत्येकी ६०० प्रमाणे ७२,०००. प्रवासाला दरमहा ३,००० म्हणजे ३०,०००. अर्धवेळ समन्वयकाला दरमहा १०,००० म्हणजे १,००,०००. शेवटच्या तीन प्रयोगांना ४०,००० आणि हिशेब व लेखापरीक्षणाला २५,०००. एकूण ५,३७,००० रुपये, म्हणजे एका मुलामागे ४,४७५ रुपये. हा दरमाणशी आकडा स्वतःच काढून लिहावा, कारण न्यासाचा अधिकारी तो काढतोच.

या हिशेबात समन्वयक आणि लेखापरीक्षण यांच्या ओळी पाहून काही विश्वस्त बिचकतात आणि ‘आपण सेवा म्हणून करतो’ असे म्हणत त्या खोडून टाकतात. खोडू नयेत. हजेरीपट, पावत्या, पत्रे सांभाळणारा माणूस नसेल तर दुसरा हप्ता मिळत नाही. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे असे सांगून हा खर्च नाकारला गेला, तर नम्रपणे दाखवून द्यावे की ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे आणि प्रकल्प राबवण्याच्या थेट खर्चाचा तीत समावेश नाही.

शाळेने वर्गखोली फुकट दिली, वाचनालयाने सभागृह दिले, मंडळाने स्पीकर दिला, हे सगळे रुपयांत अंदाजून ‘संस्थेचा वाटा’ म्हणून वेगळ्या स्तंभात लिहावे. चाकरमान्यांची वर्गणी याच स्तंभात येते. लोक स्वतः काही घालत आहेत हे त्यातून दिसते, आणि कोकणात तरी तो स्तंभ सहसा मोकळा राहत नाही.

इमारत, कंपाउंड, प्रवेशद्वार यांची मागणी पहिल्याच अर्जात घालू नये. कमान बांधून त्यावर नाव कोरण्याचा उत्साह आपल्याकडे दांडगा आहे, पण नव्या संस्थेला बांधकामासाठी पैसे देण्यास न्यास कचरतात, आणि जागेचा सातबारा किंवा मिळकतपत्रिका संस्थेच्या नावे नसेल तर विषयच संपतो.

सहावी पायरी : कोकणाचे वर्ष आणि न्यासाचे वर्ष

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचे वर्ष जून ते एप्रिल, आणि आपल्या लोककलांचे वर्ष या दोहोंशी न जुळणारे. वेळापत्रक करताना ही तिन्ही एका कागदावर शेजारी-शेजारी मांडावीत.

तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर जून-जुलैत अतिवृष्टीच्या सुट्ट्या धरूनच सत्रे मोजावी लागतात. गणपतीत शाळा बंद असतात आणि त्याआधीचे दोन आठवडे मुलेही घरी नुसती बसलेली नसतात. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू झाल्या की दशावतारी मंडळी पावसाळ्यापर्यंत रात्री फिरतीवर असतात. त्यांची सत्रे पावसाळ्यातच उरकावीत, तेव्हा ते घरी असतात आणि त्यांना त्या महिन्यांत मिळकतीचीही गरज असते. नमन-खेळे करणाऱ्यांचे गणित वेगळे. शिमग्याच्या सुमारास रत्नागिरीकडे कोणतेही सत्र ठेवू नये, कारण शिक्षक, मुले आणि प्रेक्षक तिघेही तिकडेच असतात. मात्र त्याच दिवसांत मुंबईचे लोक गावी आलेले असल्याने वर्षअखेरचा प्रयोग त्याला जोडून करता येतो. साहित्य कोठे ठेवणार हेही लिहावे. चिपळूणची बाजारपेठ २२ जुलै २०२१ रोजी पाण्याखाली गेल्यानंतर तळमजल्यावरची साठवण कोणी सहजासहजी मान्य करीत नाही.

कंपन्यांना सीएसआरची रक्कम साधारणपणे ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावी लागते. जानेवारीत एकाएकी फोन येतो आणि दोन महिन्यांत काही करता येईल का, असे विचारले जाते. त्या वेळी साहित्य-खरेदी किंवा शिक्षक-प्रशिक्षण यांसारखा आटोपशीर भाग तयार असावा. संपूर्ण वर्षाचा कार्यक्रम त्या दोन महिन्यांत कोंबण्याचे मान्य करू नये. कंपनीला तो चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत नेता येतो, हे त्यांना सुचवावे.

सातवी पायरी : अर्ज गेल्यावर

पोचेची वाट पाहावी, दोन-तीन आठवड्यांनी एकदा विचारावे, आणि ओळखीच्या लोकप्रतिनिधीकडून फोन करवण्याचा मोह टाळावा. व्यावसायिक पद्धतीने चालणाऱ्या न्यासांत त्या फोनाचा उलट परिणाम होतो.

भेटीला अधिकारी आले तर स्वागत साधे ठेवावे. हार, रांगोळी, प्रार्थना, स्वागतगीत आणि अध्यक्षांचे भाषण यांत दीड तास जातो आणि कोकणकन्येने परत जायचे असलेल्या माणसाला वर्ग पाहायला वीस मिनिटे उरतात. नेहमीच्या दिवशी नेहमीच्या वेळी चाललेला वर्ग दाखवावा, हजेरीपट हातात द्यावा, दोन पालकांशी बोलू द्यावे, आणि त्या वेळी कार्यकारिणीने खोलीबाहेर उभे राहावे.

नकार आला तर कारण विचारणारे दोन ओळींचे पत्र पाठवावे. उत्तर येईलच असे नाही, पण आले तर पुढच्या अर्जासाठी त्यासारखा उपयोगी कागद दुसरा नाही.

आठवी पायरी : पैसे आल्यावर

मंजुरीपत्रावर सही करण्यापूर्वी हप्ते किती, प्रत्येक हप्त्यासाठी कोणता अहवाल, एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात किती रक्कम वळवता येते आणि उरलेल्या पैशाचे काय, ही चार कलमे वाचावीत. शक्य असल्यास प्रकल्पासाठी वेगळे बँक खाते उघडावे आणि दोन सह्यांनी चालवावे; निदान वहीत वेगळे खाते तरी हवेच. मानधन रोखीने न देता बँकेतून द्यावे, टीडीएस लागतो का ते सीएला आधी विचारावे, आणि ज्या लोककलावंताचे पॅन नाही त्यांना ते काढून देण्याचे काम पहिल्याच महिन्यात करावे. बाजारात रंग-कागद घेताना संस्थेच्या नावाचे बिल घ्यावे. ‘किरकोळ खर्च’ या शीर्षाखाली मोठी रक्कम दिसली की लेखापरीक्षकाची लेखणी तेथेच थांबते.

वर्षअखेरीस सीएने सही केलेले विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, आणि कामाचा अहवाल असे दोन कागद जातात. अहवालात जे जमले नाही तेही लिहावे : तिसऱ्या शाळेत मुले निम्मी झाली, कारण वर्गाची वेळ मासळी-लिलावाच्या वेळेशी आदळत होती, म्हणून जानेवारीपासून वर्ग सकाळी घेतला. असा मजकूर वाचून कोणी अनुदान काढून घेत नाही, उलट पुढच्या वर्षाची चर्चा तेथूनच सुरू होते. दुसऱ्या वर्षाचा अर्ज पहिल्या वर्षाचा शेवटचा हप्ता येण्याआधी, साधारण डिसेंबरात, तयार करावा, कारण न्यासाची मंजुरी यायला काही महिने लागतात आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा कलाशिक्षकांनी दुसरीकडे काम धरलेले असते.